तेओदुलीनमावशींचे मरणाचे चीज

तेओदुलीनमावशींच्या चीजवरची धूळ हलते. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. दिसते ती तपकिरी, मऊ, पिठासारखी पूड, चीजच्या गोल चाकाच्या कडेला पेरभर उंचीचा ढीग करून बसलेली. पण बर्फाचे कण पाहायचे माझे भिंग तिच्यावर धरले आणि श्वास रोखून थोडे थांबले, की पुडीतला एक कण उठतो आणि शेजारच्या कणावर चढतो. मग आणखी एक. मग लक्षात येते, की धूळ अशी तिथे नाहीच. आहेत ते पांढुरके, आठ पायांचे किडे आणि त्यांनी कुरतडून मागे टाकलेला चुरा. मिलिमीटरच्या चौकटीची पट्टी लावून मी ते मोजायला गेले, पण ते एका जागी थांबत नाहीत. बर्फाचे बरे असते. बर्फ मुकाट्याने मोजून घेतो.

हे चीज मावशींच्या लग्नाच्या उन्हाळ्यात वरच्या कुरणावर घातलेले. त्सारव्यात, या डोंगरातल्या गावात, घर मांडले की नवऱ्याच्या नावाचे एक आणि बायकोच्या नावाचे एक अशी दोन चाके तळघरात ठेवतात. ज्याच्या नावाचे चाक, तो गेला की ते कापायचे आणि मयताला आलेल्यांनी खायचे, खांदेकऱ्यांनी आधी. तोवर आठवड्यातून एकदा ते उलटायचे आणि फडक्याने पुसायचे. मावशींचे यजमान ओनोरे गेले तेव्हा त्यांचे चाक गावाने खाल्ले. तेव्हापासून फळीवर मावशींचे एकटेच आहे. आता उलटायला दोन माणसे लागत नाहीत. ते वाळून इतके हलके झाले आहे, की माझ्यासारखीलाही जमते.

मी त्सारव्याची नाही. मी खालची, नोशातेलची, तळ्याकाठची. गावावरची हिमनदी मोजायला संस्थेने मला दोन हिवाळ्यांसाठी पाठवले होते. त्याला आता सतरा वर्षे झाली. मावशींच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहते, आणि तिथे पुस्तकांची दोन खोकी अजून दोरीने बांधलेलीच आहेत, कारण मला लवकरच जायचे आहे.

एवढ्या वर्षांत गावाने मला जमेल तसे कामाला लावले. उन्हाळ्यात मी पाहुण्यांना डोंगरवाटांनी फिरवते. हिवाळ्यात पायाला जाळीचे तळ बांधून बर्फातून नेते आणि गावाचा इतिहास सांगते. दोन खोल्यांच्या संग्रहालयाची मी चिटणीस आहे, कारण बाकी कुणाचे अक्षर लागत नाही. फक्त स्कीइंगच्या वाटेला मला कुणी जाऊ देत नाही. बर्फाचा थर कोणत्या उतारावर, किती उन्हात सुटेल हे मी सांगू शकते. माझा डावा पाय कधी सुटेल ते नाही. गावातली एकुलती लिफ्ट चालवणारा म्हातारा कांदिद याने मला शिकवायचा प्रयत्न केला होता. तिसऱ्या हिवाळ्यात तो म्हणाला, की तू उतरत नाहीस, तू पडणं लांबवतेस. त्या एका वाक्यात त्याने माझे बरेचसे चरित्र सांगून टाकले, पण तेव्हा मला वाटले की तो गुडघ्यांबद्दल बोलतोय.

मावशींना मूलबाळ नाही. त्यामुळे त्यांचे चीज कोण कापणार, हा प्रश्न ओनोरे गेल्यापासून तसाच पडून होता. कापणारे माणूस घरचे असावे लागते, आणि घरचे म्हणजे रक्ताचे असे नव्हे. ज्याच्या चुलीचा धूर उन्हाळा-हिवाळा गावातच निघतो, ते. पण जो कापतो त्याने पुढे ते घर जागते ठेवायचे असते, आणि स्वतःच्या नावाचे चाक तळघरात ठेवायचे असते. म्हणजे सरळ शब्दांत, इथे मरायचे कबूल करायचे. दर वर्षी गाई वरून खाली आल्या की मावशी मला विचारत, मग क्लेमांस, कापशील ना माझं? आणि मी म्हणे, या हिवाळ्यानंतर सांगते मावशी. मला हिमनदीचे पुढच्या पन्नास वर्षांचे भाकीत मागा, मी आलेख काढून देईन. स्वतःविषयी मात्र माझ्याकडे कायम माहिती अपुरी असते.

या वर्षी ते टाळणे अवघड झाले. हिमनदी इतकी मागे सरली, की आमचे खांब रोवायला तिथे बर्फच उरला नाही. संस्थेच्या संचालकांनी फोनवर सांगितले, की मोजणी बंद. ईस्टरपर्यंत खाली या, तळ्याकडे खिडकी असलेली खोली तुमच्यासाठी ठेवली आहे, फेब्रुवारी संपायच्या आत हो की नाही ते कळवा. मी म्हटले, विचार करून सांगते. ते हसले. संस्थेतही माझी कीर्ती पोचलेली आहे.

मी जाणार असे धरून संग्रहालयाच्या मंडळाने एक ठराव केला. मंडळात तिघे: चीज करणारा बाझील, पोस्टातल्या आग्नेसबाई आणि मी. कापायला कुणी नसेल तर मावशींचे चीज काचेच्या पेटीत ठेवायचे, योग्य आर्द्रतेत, खाली माहितीचा फलक. आर्द्रता किती ती मीच सांगितली. मावशींना हे सांगायचे कामही माझ्याकडेच आले. ते मी अर्थातच केले नव्हते, पण सबंध गावाला माहीत असलेली गोष्ट एकट्या मावशींपासून किती दिवस लपणार? एका सकाळी कॉफी ओतताना त्या इतकेच म्हणाल्या, की ओनोरेला लोकांनी खाल्लं, मला बघणार म्हणे. आणि साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला. मी साखर घेत नाही, हे त्यांना चांगले ठाऊक आहे.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दक्षिणेकडचा गरम वारा सुटला. असा वारा सुटला की कांदिद लिफ्ट बंद करतो आणि दाराशी बसून पाइप ओढतो. स्कीइंगसाठी पैसे भरून आलेले आठ पाहुणे तोंडे पाडून उभे होते, ते त्याने माझ्याकडे पाठवले. यांना इतिहास दाखव, म्हणाला, आज दुसरं काही चालू नाही.

मी त्यांना पायाला जाळ्या बांधून गावाभोवती फिरवले. उंदीर चढू नयेत म्हणून दगडी चकत्यांवर उभी केलेली धान्याची कोठारे दाखवली. वरून कोसळणारा हिमकडा दुभंगून दोन्ही बाजूंना जावा म्हणून चॅपेलच्या पाठीला बांधलेली दगडी चोच दाखवली. वारा कानात शिरत होता, कुणी काही विचारत नव्हते. मग मी हुकमाचे पान काढले आणि सगळ्यांना मावशींच्या तळघरात नेले.

चीज पाहून त्यांच्यात जीव आला. त्यांच्यात बाझल शहरातून आलेल्या रेगुला नावाच्या एक उंच दंतवैद्यबाई होत्या. त्यांनी माझे भिंग घेऊन किडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, की आत चीज उरलंय, की नुसतं कवच आहे? दात बाहेरून शाबूत दिसतो आणि आत सगळा पोखरलेला असतो, म्हणाल्या, मला रोज असे भेटतात.

हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता, याची मला लाज वाटली. मी बोटाच्या पेराने चाकावर ठोकले. आवाज चांगला आला नाही. दुसऱ्या बाजूला ठोकले, तिथेही नाही. आणि माझ्या डोळ्यांसमोर मावशींचे मयत उभे राहिले: खांदेकरी बसलेत, कुणीतरी सुरी टेकवली, आणि आतून निघाली फक्त हलणारी धूळ. किंवा काचेच्या पेटीत वर्षानुवर्षे किड्यांचे रिकामे घर आणि त्याखाली माझ्या अक्षरात मावशींचे नाव.

खिळ्याला बाझीलची पोकळ सळई अडकवलेली होती. पिकणाऱ्या प्रत्येक चीजमध्ये तो ती घुसवतो, आतला बोटभर लांब गोल तुकडा काढून वास घेतो आणि तसाच परत बसवून वर लोणी फासतो. चीजला त्याचे काही वाटत नाही. मरणाच्या चीजचा नियम मला पाठ आहे, संग्रहालयात तो मीच लिहून लावला आहे: सुरी लागली की त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते गावाने खाऊन संपवावे. सुरी. सळई ही सुरी नव्हे. सळई कापत नाही, नमुना घेते. हे मी पाहुण्यांना नीट समजावून सांगितले आणि मग सळई घुसवली.

ती घट्ट गेली. मी ती फिरवून बाहेर काढली तेव्हा तिच्यात मधासारख्या रंगाचा भरीव तुकडा होता, त्यात पांढरे कण, आणि तळघरभर असा वास सुटला की एक पाहुणा नकळत दाराकडे सरकला आणि दुसरा पुढे झाला. चीज शाबूत होते. किडे सालीच्या आत बोटभरसुद्धा गेले नव्हते. मला इतका आनंद झाला, की मी तो तुकडा उजेडात धरून त्यातल्या स्फटिकांबद्दल बोलायला लागले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या व्याख्यानाला टाळ्या मिळण्याची ती पहिलीच वेळ.

टाळ्या ऐकून मावशी जिना उतरून आल्या. काठी टेकत त्या फळीजवळ गेल्या, भोकाकडे पाहिले, मग सळईकडे, मग माझ्याकडे.

“झालं भोक पाडून?”

मी सुरी आणि सळई यांतला फरक सांगायला सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“क्लेमांस,” त्या म्हणाल्या, “उद्या माझ्या पोटात कुणी सुरीऐवजी सळई घुसवली तर मी जिवंत राहीन का गं?”

 मावशींनी माझ्या हातातला तुकडा घेतला, हुंगला, आणि क्षणभर डोळे मिटले. मग पाहुण्यांकडे वळून त्यांनी सांगितले, की रविवारी प्रार्थनेनंतर माझं मयत आहे, तुम्ही आहात का तोवर? चीज तुमच्यासमोरच गेलं, मग तुम्ही यायला हवं. रेगुलाबाईंनी मान डोलावली. मला मावशींनी मोठे पातेले काढायला सांगितले, सूपासाठी.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. कुणी मला एका शब्दाने रागावले नाही, आणि तेच जास्त लागले. बाझीलने फक्त विचारले, की माझ्या सळईला आता सुतक आहे का. आग्नेसबाईंनी काचेच्या पेटीची ऑर्डर रद्द केली आणि आता त्यात काय ठेवायचं असे माझ्याकडे बघत विचारले. कांदिदने वारा पडल्यावर लिफ्ट चालू केली आणि प्रत्येक पाहुण्याला सांगितले, की रविवारी मात्र बंद, जवळचं मयत आहे. मयत झालेली बाई त्या वेळी लिफ्टशेजारच्या बाकावर ऊन खात बसली होती.

तीन दिवस मी मावशींच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. चूक फक्त भोक पाडण्याची नव्हती. चीज फळीवर होते तोवर त्यांच्या प्रश्नाला मुदत होती, आणि माझ्या उत्तरालाही. आता रविवारी कुणीतरी सुरी हातात घ्यायला हवी होती, आणि त्यांना नवे चाक घालायचे तर ते उलटायला आणि पुसायला घरचे माणूस हवे होते. नाहीतर त्यांना बिनचीजचे जावे लागणार. असे त्सारव्यात कुणी गेलेले मी इतिहासात तरी वाचलेले नाही. मोजपट्टी असलेले कुणी इतक्या छोट्या भोकातून इतके मोठे नुकसान करू शकते, याचा मला अंदाज नव्हता. शुक्रवारी संस्थेतून फोन आला. मी तो उचलला नाही. सवय अशी जात नाही.

रविवारी गावाच्या सभागृहात लांब टेबले मांडली. ज्याने त्याने आपली सुरी आणि काळ्या पावाचा तुकडा आणला. वाइन गावाच्या पिंपातली. मधोमध चीज, त्याला बाजूला भोक, आणि चीजसमोर मावशी, काळा पोशाख आणि चांदीची साखळी घालून. त्यांना इतके नटलेले मी ओनोरेंच्या मयतालाच पाहिले होते.

कापण्याआधी गेलेल्याबद्दल प्रत्येकाने काही बोलायचे असते. पहिला कांदिद उठला. तेओदुलीन जिभेची तिखट होती, म्हणाला, आणि पत्त्यांत फसवायची.

“मी फसवत नव्हते, तुला मोजता येत नव्हतं,” मयत म्हणाले. “आणि नेलेली माझी शिडी परत आणून दे.”

बाझील म्हणाला, की तिने त्याच्या पहिल्या चीजला गावासमोर साबण म्हटले होते. ते बरोबरच होते, असे मावशींनी मध्येच सांगितले. आग्नेसबाईंनी त्यांच्या विणकामाविषयी काही गोड बोलायचा प्रयत्न केला, पण ते कुणालाच पटले नाही. पाहुणे आधी बिचकले, मग तेही हसायला लागले. रेगुलाबाईंनी उभे राहून सांगितले, की आपण यांना फार थोडा वेळ ओळखत होतो, पण यांचे दात स्वतःचे होते. या वाक्याला सगळ्यात जास्त दाद मिळाली.

मग कांदिद पुन्हा उठला. पाइप खिशात घातला. ज्या हिवाळ्यात वरची घरे हिमकड्याखाली गेली, त्या हिवाळ्यात तो नऊ वर्षांचा होता, आणि तेओदुलीन नुकती लग्न होऊन आलेली. त्याच्या आईला बाहेर काढेपर्यंत हिने त्याला मांडीवर धरून ठेवले होते आणि एकदाही सांगितले नव्हते की आई जिवंत आहे, कारण तिला ते माहीत नव्हते. बाकी सगळे मला खोटं सांगत होते, तो म्हणाला, ही गप्प बसली. मला तेच बरं वाटलं. आणि तो बसला.  मावशी साखळीचा एक मणी फिरवत राहिल्या.

माझी पाळी आली. मी काय बोलले? मी सांगितले, की या चीजमधली आर्द्रता कमी असल्यामुळे किड्यांना आत जाता आले नाही, आणि आठवड्याला पुसणे किती नियमित होते याचा तो पुरावा आहे. मी टक्केवारीही सांगितली. लोकांनी सहन केले. कांदिद शेजारच्याला हळूच म्हणाला, की ही अजून उतारावर उभीच आहे.

मी बसले. आता सुरीची पाळी होती. ती लांब, पातळ पात्याची, फक्त याच कामाला काढतात. आग्नेसबाईंनी ती आणून चीजशेजारी ठेवली, मूठ बाहेरच्या बाजूला, म्हणजे ज्याने उचलायची त्याच्याकडे. त्या बाजूला खुर्ची रिकामी होती. कुणी उठले नाही. बाझीलला दोघातिघांनी खुणावले, पण त्याने मान हलवली. मी रोज कापतो ती मजुरी, म्हणाला, हे माझं काम नव्हे. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. बाहेर छपरावरून पाणी ठिबकत होते.

मावशींनी माझ्याकडे पाहिले नाही. दर वर्षी त्या पाहत, विचारत, आणि मी टाळत असे. तो एक प्रकारचा आमचा संसारच होता. आज त्यांनी विचारलेही नाही. त्या टेबलाला धरून उठल्या, आणि फिरून रिकाम्या खुर्चीकडे यायला लागल्या.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “आपलं आपण कापायचं. सगळीकडे माणसं तसंच करतात, मी टीव्हीवर बघते.”

 त्यांनी सुरी उचलली. त्यांचा हात नेहमीच थोडा थरथरतो. त्या थरथरीची वारंवारिता मी कधीतरी मनात मोजून ठेवली आहे, मला अशा गोष्टी मोजून ठेवायची सवय आहे. पात्याचे टोक चीजच्या सालीवर टेकले आणि घसरले. त्यांनी पुन्हा टेकवले. पुन्हा घसरले. बाझील अर्धवट उठला आणि बसला.

मी उभी राहिले आहे, हे मला खुर्ची मागे पडल्याच्या आवाजाने कळले. माझ्याकडे अजूनही पुरेशी माहिती नव्हती. तळ्याकडे खिडकी असलेली खोली मी पाहिलीही नव्हती, या गावात पुढच्या हिवाळ्यात मला काय काम असेल ते मला ठाऊक नव्हते, आणि कांदिद टेबलापलीकडून माझ्या गुडघ्यांकडे पाहत होता. मी टेबलाला वळसा घालून गेले आणि मावशींच्या शेजारी थांबले.

“सुरी इकडे द्या, मावशी,” मी म्हटले. “मी खाली जाणार नाही. हे मी कापते. आणि बाझील, जूनमध्ये गाई वर नेल्यास की दोन चाकं घाल. एक मावशींच्या नावाचं, एक माझ्या.”